बारा बुधवार

आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. माझ्या आत्या देवभोळ्या आणि मी तोंडाळ, त्यामुळं लग्न झाल्यापासून घरात भांडायला विषय कधी कमी पडला नाही. गुलमंडीच्या मागच्या गल्लीत माझं ब्लाउज शिवायचं आणि फॉल-पिकोचं दुकान आहे. वर दोन खोल्या. त्यात आम्ही चौघं: मी, नवरा, पहिलीतली पोरगी आणि आत्या. आत्यांना शुगर. नवरा वाळूजला कंपनीत. दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत तो खोकायला लागला आणि मी मागं लागले, की बाबा, दाखवून ये एकदा. तो म्हणायचा, "कंपनीत धूळ असती गं, त्याचं काय एवढं!" मग त्याच्या पँटी ढगळ व्हायला लागल्या. मी मुकाट्यानं एकेक पँट कमरेत आवळून देत गेले. शेवटची आवळताना मात्र माझं डोकं फिरलं. टेप त्याच्या कमरेला लावला, आकडा दाखवला आणि म्हणलं, "धूळ कंबर पण खाते का रे?" त्याच दिवशी त्याला ओढत सरकारी दवाखान्यात नेलं.

थुंकी मशीनमध्ये घातली आणि दुसऱ्या दिवशी कळलं, टीबी. नेहमीच्या गोळ्या लागू पडतील हे पण त्याच मशीननं सांगितलं. पूर्वी एवढं कळायलाच किती आठवडे जायचे, असं तिथली टीबीवाली ताई म्हणाली. सहा महिन्यांचा कोर्स सुरू झाला. पहिले काही दिवस तोंडाला मास्क, खिडक्या सताड उघड्या, आणि पोरगी आत्यांच्या खोलीत. हळूहळू नवरा जेवायला लागला, चिडायला लागला, मॅच बघताना ओरडायला लागला, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

आत्यांनी मात्र पहिल्याच दिवशी फर्मान काढलं होतं. "टीबीचं नाव ह्या घरात काढायचं नाय." गल्लीत त्यांनी सांगून टाकलं, लेकाला कावीळ झालीय. झालं! समोरच्या काकू उसाचा रस घेऊन हजर. खालच्या भाभी काविळीची माळ घेऊन आल्या. ती गळ्यात घालायची, आणि कावीळ उतरंल तशी माळ लांब होत जाते म्हणे. "बाजी, ये डालो उनकू, पीलिया आठ दिन में उतरता," असं म्हणत त्यांनी ती आत्यांच्या हातात दिली आणि नाही म्हणायची सोयच उरली नाही. नवरा ती माळ गळ्यात घालून टीबीच्या गोळ्या गिळत बसायचा. हसावं का रडावं तेच कळेना. पण खरं सांगते, आत्यांवर कितीही चिडले तरी भीती मला पण होतीच. हिच्या घरात टीबी आहे असं कळलं असतं, तर कुणी माझ्याकडं मापाचं ब्लाउज टाकलं असतं? म्हणून मी पण "हो ना, कावीळच," म्हणत राहिले.

पुढं आम्हा तिघींना दवाखान्यात बोलावून छातीचे फोटो काढले. कॅमेऱ्याएवढं मशीन, बटण दाबलं की फोटो समोर. तिघींची छाती स्वच्छ निघाली. मी म्हणलं, सुटलो. तर दोन दिवसांनी ती टीबीवाली ताई दुकानात आली. शहाणी बाई. हातात ब्लाउजपीस घेऊन आली, म्हणजे गल्लीला वाटावं गिऱ्हाईकच आहे. वर येऊन बसली आणि म्हणाली, "तुमच्या तिघींना आजार नाही. पण इतके दिवस एका घरात राहिलात, जंतू आत शिरलेला असू शकतो. तो झोपून राहतो. वर्षानुवर्षं झोपतो. शरीर कधी कमजोर पडलं की उठतो. तर तो झोपलेला असतानाच मारायचा."

"म्हणजे धडधाकट माणसांनी गोळ्या खायच्या? ही कुठली नवीन टूम?" मी एकदम भडकले.

ती काही रागावली नाही. म्हणाली, "टूम म्हणा हवं तर, पण जुनीच आहे. आधी हे औषध रोज द्यायचे, सहा-सहा महिने. बरा असलेला माणूस रोज गोळी खातोय होय? लोक मध्येच सोडून द्यायचे. मग त्याच्यावर देशोदेशी अभ्यास झाले. दोन औषधं जोडीनं दिली तर आठवड्यातून एकदा, असं बाराच वेळा घेतलं तरी भागतं, असं निघालं."

मी फणकारते लवकर, पण पटलं की पटलं. माझं आणि पोरीचं तिथंच ठरलं. आत्या मात्र ऐकायला तयार नाहीत. "मला काय धाड भरलीय? माझ्या लेकानं खाल्ल्या तेवढ्या बास झाल्या." ताईनं सांगितलं, शुगरवाल्यांच्या अंगात हा जंतू लवकर उठतो, तुम्हीच आधी घ्यायला पाहिजे. मी सांगितलं, पोरगी रोज तुमच्या कुशीत झोपते, उद्या तुम्हाला झालं तर तिला पण होईल. लेकानं हात जोडले. आत्या तांदूळ निवडत राहिल्या. बोलायचं नाही असं त्यांनी ठरवलं की त्या तांदूळ निवडतात, निवडलेले परत निवडतात.

ताई उठता उठता मला समजावून सांगत होती. "एक वार धरायचा. एकदा धरला की शेवटपर्यंत तोच. मध्ये चुकवायचा नाही. बारा झाले की संपलं."

आत्यांचा हात सुपात थांबला. "कोणता वार?"

"कोणताही चालतो, आजी."

"उपाशीपोटी घ्यायच्या?"

"नाही नाही, चांगलं जेवून घ्यायच्या."

आत्यांनी मनातल्या मनात आठवडा मोजला. सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवारी मारुती, शुक्रवार-रविवार पण कुणाचे ना कुणाचे. सगळीकडं उपास. "बुधवार मोकळा हाय," त्या म्हणाल्या. "बुधवार धरू."

ताई माझ्याकडं बघायला लागली आणि मी ताईकडं. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी डोकी चालवून बारा आठवड्यांचं औषध काढलं, त्यांना काय माहीत की आमच्या घरच्यांसाठी त्यांनी व्रत काढलंय! आत्यांनी रीतसर संकल्प सोडला. देवापुढं तांब्या ठेवला, हातात अक्षता घेतल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "माझ्या लेकाचं दुखणं मुळासकट जाऊ दे. बारा बुधवार करीन." मी म्हणलं, "आत्या, ह्या गोळ्या तुमच्यासाठी आहेत, त्याच्या वेगळ्या आहेत." तर म्हणाल्या, "आई कधी स्वतःसाठी व्रत धरती व्हय? गप बस."

मी पण म्हणलं, असू दे. गोळ्या पोटात गेल्याशी मतलब.

मग दर बुधवारी आमच्याकडं सोहळा. गोळ्यांच्या पाकिटाला हळदीकुंकू लागायचं. वरण-भात, भाकरी, भाजी, त्यात एखादं गोड, शुगर असली तरी घासभर. जेवण झालं की आधी पोरगी, मग मी, मग आत्या, असं ओळीनं गिळायचं. पोरीला तर एवढी गंमत वाटायची की मंगळवारी रात्रीपासूनच तिचं "उद्या बुधवार ना?" सुरू. शेजारच्या बायकांना वास लागला, की ह्यांच्याकडं बुधवारचं काहीतरी व्रत आहे. एक दिवस समोरच्या काकू येऊन बसल्याच. व्रत कोणत्या देवाचं? कहाणी काय? आता आली का पंचाईत! मी मशीनवर पाय मारता मारता कान टवकारले. आत्यांनी क्षणभर पदर सारखा केला आणि सांगायला सुरुवात केली. एका घरात एक राक्षस शिरला आणि उतरंडीमागं जाऊन झोपला. घरच्यांना पत्ता नाही. तो उठला की एकेकाला खाणार. मग एका शहाण्या बाईनं सांगितलं, तो झोपेत असतानाच त्याला संपवायचं, बारा घावांत, एक घाव चुकला तर तो जागा होतो. काकूंनी हात जोडले. ताईनं सांगितलेलं सगळंच्या सगळं आत्यांनी पाठ करून ठेवलं होतं, आणि मी समजत होते की ही बाई कानाआड करतेय.

त्या गोळ्यांनी घाम पण नारंगी येतो. आत्यांच्या फिक्या रंगाच्या ब्लाउजांना काखेत डाग पडायला लागले. धुतले तरी जाईनात. मी त्यांना त्या तीन महिन्यांसाठी दोन गर्द मरून ब्लाउज शिवून दिले. त्या म्हणाल्या, "म्हातारीला कशाला गं एवढा रंग?" पण घातले.

बुधवार सरत आले. दोन-तीनच उरले होते, आणि फुलंब्रीहून फोन आला. आत्यांचे चुलत दीर गेले.

म्हातारा बरीच वर्षं खोकत होता. दमा म्हणायचे. आत्यांचं सगळं येणंजाणं त्याच घरात, माझा नवरा लहानपणी सुट्टीत तिथंच पडून असायचा. आम्ही निघालो तो दिवस नेमका बुधवार. मी आठवणीनं आत्यांच्या गोळ्या पर्समध्ये टाकल्या. पोरीला शेजारी सोडायच्या आधीच तिनं आणि मी जेवून आमच्या घेतल्या होत्या; आत्या मात्र माती होईस्तोवर जेवणार नव्हत्या. तिकडं माती झाली, माणसं आंघोळी करून परत आली, पाहुण्यांनी कडू घासाची पिठलं-भाकरी आणली. आत्यांनी दोन घास खाल्ले तशी मी त्यांना हळूच मागं गोठ्याकडं नेलं आणि पाकीट पुढं केलं.

त्यांनी हात मागं घेतला. "नाय. सुतक हाय."

"हे औषध आहे, आत्या."

"व्रत हाय. संकल्प सोडलाय मी, लेकाच्या नावानं. सुतकात केलं तर बाटलं, आन् बाटलेल्या व्रताचं खापर कुणाच्या डोक्यावर फुटतं? सुतक फिटू दे. पहिल्यापासनं बारा धरीन."

"पहिल्यापासून? गोळ्या काय झाडाला लागतात?"

त्या बधेनात. मी ताईला फोन लावला. ती म्हणाली, एक-दोन दिवस इकडंतिकडं चालेल, पण दहा दिवसांची खोट नको, आणि आता शेवटाला येऊन सोडू तर मुळीच देऊ नका. मी ते आत्यांना जसंच्या तसं सांगितलं. गयावया केली. मग आवाज चढला. मयताच्या घरी, गोठ्यात म्हशीसमोर उभं राहून मी म्हणलं, "देव एवढा वेंधळा आहे का, की त्याला गोळी कळत नाही?" आत्यांचे डोळे भरले. पाणी नारंगी झाक मारत होतं, ते त्यांनी पदरानं पुसलं आणि म्हणाल्या, "तुझा नवरा असंल, माझा लेक हाय. मला जुगार खेळता येत नाय त्याच्यावर." आणि आत निघून गेल्या. मी पाकीट पर्समध्ये कोंबलं. राग तर आलाच होता, पण त्याच्याखाली भीती होती. इतकं करून सवरून ह्या म्हातारीच्या अंगात तो राक्षस जागा झाला तर?

आत ओसरीवर बायका बसल्या होत्या. गेलेल्या माणसाची बायको, म्हणजे आत्यांची चुलत जाऊ, भिंतीला टेकून. मांडीवर तिची नात, जेमतेम दीड वर्षाची, झोपलेली. कुणीतरी म्हणालं, "दम्यानं लई हाल केले म्हाताऱ्याचे." सगळ्यांनी माना हलवल्या. तेवढ्यात ती जाऊबाई खोकली. नात दचकू नये म्हणून तिनं तोंडात पदराचा बोळा कोंबला आणि आतल्या आत खोकत राहिली. खोकला सरेना. आत्या तिच्याकडं टक लावून बघत होत्या.

"कधीपासनं गं?"

"झाले असतील तीन-चार महिने," ती धाप आवरत म्हणाली. "ह्यांचाच दमा लागला मला, बाई."

आत्या पुढं सरकल्या. "दमा कुणाचा कुणाला लागत नसतो."

 जाऊबाईनं नातीच्या अंगावर पदर ओढला. मला वाटतं तिला ते माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत असावं. माणसं माहीत असलेलं किती दिवस अंगावर पांघरून बसतात!

आत्यांनी माझ्याकडं न बघताच हात पसरला. "पर्समधल्या गोळ्या दे. आन् तांब्या आण."

मला आधी कळलंच नाही. मग धडपडत उठले. सगळ्या बायकांसमोर आत्यांनी पाकीट फोडलं, गोळ्या तळहातावर घेतल्या, सगळ्यांना दिसतील अशा धरल्या.  डोळे मिटले, ओठ काहीतरी पुटपुटले आणि गोळ्या गिळल्या. मग म्हणाल्या, "माझ्या लेकाला क्षय झालाय. कावीळ नाय, क्षय. बरा होत आलाय. घरातल्यांना हुऊ नये म्हणून ह्या गोळ्या असतात, आठवड्याला एकदा. माझी आय अशीच खोकत खोकत गेली, आम्ही बी दमाच म्हणत व्हतो. गोठ्यातल्या खोलीत ठेवली व्हती तिला. तिच्या मागनं माझी धाकटी बहीण गेली. कुणी तपासलं नाय, कुणी इचारलं नाय. उद्या सकाळी तू माझ्यासंगं दवाखान्यात चल."

हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं एका घरात राहिले, त्यांच्या आईचा विषय निघाला की त्या तांदूळ घेऊन बसायच्या, आणि मी कधी विचारलं नाही. एक-दोन बायका आमच्यापासून जरा लांब सरकल्या. दारात माझा नवरा उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"सुतकात रांडावलेल्या बाईनं उंबरा कसा वलांडायचा?" जाऊबाईच्या थोरल्या नणंदेनं विचारलं.

"माझ्यासारखा," आत्या म्हणाल्या. "मी आत्ता सगळंच वलांडलंय."

दुसऱ्या दिवशी आत्या, मी आणि जाऊबाई तिथल्याच दवाखान्यात गेलो. रस्त्यावरची माणसं वळून वळून बघत होती. जाऊबाईची मान वर होईना आणि आत्यांनी तिचा दंड सोडला नाही. थुंकी द्यायची तर जाऊबाई नुसती लाळ टाकायला लागली, चार लोकांत खाकरायची लाज. आत्यांनी तिला मागच्या लिंबाखाली नेलं, आडोशाला स्वतः पदर धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हां, आता खाकर. पार पोटातनं." संध्याकाळपर्यंत निकाल आला. टीबीच होता. तिचे उपचार सुरू झाले, घरातल्या सगळ्यांचे फोटो काढले, आणि त्या चिमुरडीला तिच्या वयाला चालणारं औषध मिळालं, झोपलेल्याला मारायचं.

गल्लीत बातमी आमच्याआधी पोचली. पंधरा दिवस गिऱ्हाईक कमी झालं, मग आलं. काकूंनी उसाचा रस बंद केला. भाभी मात्र वर आल्या, ती काविळीची माळ परत मागितली आणि आत्यांना म्हणाल्या, "बोलना था ना बाजी, हमारे घर में भी हो चुका." आत्यांनी राहिलेले बुधवार पार पाडले, पण हळदीकुंकू नाही, गोड नाही. भाकरी खाल्ली की गोळ्या गिळायच्या आणि भांडी घासायला घ्यायच्या. उद्यापनाचं मी विचारलं तर म्हणाल्या, "बाटलेल्या व्रताचं उद्यापन नसतं." मला वाटलं, आता त्यांना औषध म्हणजे औषध हे पटलं. मी मनातून खूश झाले. नवऱ्याला म्हणलं पण, बघ, तुझी आई शिकली.

सहा महिने झाले तशी नवऱ्याची शेवटची तपासणी झाली. रिपोर्ट घ्यायला मीच गेले. सगळं स्वच्छ. जिना चढता चढताच मी खालून ओरडले, "आत्या, गेला टीबी! सगळा गेला!"

वर जाऊन बघते तर आत्या देवघरापुढं जमिनीवर बसलेल्या, दोन्ही हातांनी तोंड दाबून, आणि अंग नुसतं गदगदतंय. मी त्यांच्याजवळ बसले. "अहो, रडता काय? चांगला आलाय रिपोर्ट."

"खरं ना गं? परत वाच."

मी परत वाचला. मग त्यांनी अजून एकदा वाचायला लावला.

"फुलंब्रीहून आल्यापासनं रोज वाटायचं, आज काय हुतंय, उद्या काय हुतंय," त्या म्हणाल्या. "तो जरा खोकला की माझं काळीज लाही हुयाचं. मी बाटवलं ना ते व्रत. माझ्याच हातानं."

 म्हणजे ह्यांना काही पटलं-बिटलं नव्हतं. लेकाचा जीव पणाला लागतोय असं मनापासून वाटत असताना त्यांनी त्या ओसरीवर गोळ्या गिळल्या होत्या. आणि त्यानंतर इतके दिवस एकट्याच भीत होत्या.

"एवढी भीती होती तर घेतल्या कशाला त्या दिवशी?"

आत्यांनी नाक पुसलं. "मी नुसतं सांगितलं असतं, तर तिनं ऐकलं असतं व्हय? ती नात तिच्या मांडीवरच व्हती की."